विद्यापीठाने संविधानाच्या भानगडीत पडू नये? त्या मेसेजला मुद्द्याला मुद्दा

नोव्हेंबर उजाडला की रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा फिरू लागतो. शब्द इकडेतिकडे होतात, गाभा तोच: ‘विद्यापीठाचं काम पदवी देणं आणि पोरांना नोकरीला लावणं. संविधान हा वकिलांचा विषय. सचोटी घरात शिकवतात, ती सर्क्युलर काढून येत नाही. जागृतीच्या नावाखाली कॉलेजात राजकारण शिरतं. आणि आमच्या कोकणी माणसाला त्या संविधानाचा रोजच्या जगण्यात उपयोग काय?’ खाली जोडलेले हात आणि ‘पटलं तर पुढे पाठवा’. पाठवणाऱ्यांत पालक आहेत, माजी विद्यार्थी आहेत, काही प्राध्यापकसुद्धा आहेत, म्हणून हा खटाटोप.

मेसेजमागचा वैताग खोटा नाही. २०१५ पासून २६ नोव्हेंबर संविधान दिन म्हणून साजरा होतो आणि बऱ्याच कॉलेजांत त्याचा अर्थ एवढाच: सकाळी पटांगणात पोरांना उभं करायचं, माइकवर उद्देशिका वाचून घ्यायची, जिओटॅग फोटो काढायचा, तो नॅकच्या (कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेच्या) फायलीत लावायचा. पुढच्या दोन रांगा मोठ्याने म्हणतात. मागे ‘अंगीकृत आणि अधिनियमित’पर्यंत पोचेस्तोवर नुसते ओठ हलत असतात. इंजिनिअरिंगला बऱ्याच ठिकाणी हा विषय सक्तीचा, पण बिनक्रेडिटचा. तेव्हा त्या तासाला वर्गात कोण बसतं ते विचारूच नका. पण काम वाईट होतं म्हणून ते बंद करा, हे कुठलं तर्कशास्त्र? या न्यायाने निम्मी प्रॅक्टिकल्स बंद करावी लागतील.

आता ‘वकिलांचा विषय’. हे वाक्य कोकणात बसून लिहिलं जातं याचं मला जास्त नवल वाटतं, कारण याचं उत्तर महाडला मिळून गेलंय. सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, हा मुंबई कायदेमंडळाचे सदस्य बोले यांचा ठराव त्या कायदेमंडळाने १९२३ साली मंजूर केला. पुढच्याच वर्षी महाडच्या नगरपालिकेने तशाच ठरावाने चवदार तळं खुलं केलं. कागद पक्का, सही-शिक्क्याचा. तरी तीन वर्षं त्या तळ्याचं ओंजळभर पाणी अस्पृश्यांना घेता आलं नाही. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर गेले, ते आधीच मिळालेला हक्क वापरायला. त्यानंतर काय झालं? सत्याग्रहींना मारहाण झाली, तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं, नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला, प्रकरण कोर्टात गेलं आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागायला मार्च १९३७ उजाडला. वकील शेवटी लागले हे खरं. पण आधी लागली ती ठरावात काय लिहिलंय हे माहीत असलेली आणि त्यावर पाऊल टाकणारी माणसं. संविधानाच्या कलम १५ मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. तो वाचताना महाड आठवणार नाही असा कोकणी माणूस पदवीधर झाला असेल, तर चूक त्याच्या एकट्याची नाही.

‘रोजच्या जगण्यात उपयोग काय’ हा प्रश्न मालवणच्या बंदरावर विचारून बघा. किनाऱ्यावरून जाळं ओढणारे पारंपरिक रापणकर आणि बोटीवरून भलंमोठं जाळं टाकून अख्खा थवा घेरणारे पर्ससीनवाले यांचा वाद वर्षानुवर्षं धुमसतोय. रात्री एलईडीचे दिवे लावून मासळी ओढणाऱ्या बोटी, बाहेरून येणारे हायस्पीड ट्रॉलर, दरवेळी मोर्चा, दरवेळी निवेदन. हे निवेदन नेमकं कोणाला द्यायचं? उत्तर संविधानाच्या सातव्या अनुसूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्यांच्या अधिकारांच्या याद्यांत आहे. मत्स्यव्यवसाय राज्याच्या सूचीत, पण प्रादेशिक समुद्रापलीकडची मासेमारी संघाच्या, म्हणजे केंद्राच्या सूचीत. म्हणजे १२ सागरी मैलांपर्यंत महाराष्ट्राचा १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा, त्यापुढे केंद्र. म्हणून तर तिथल्या एलईडी मासेमारीवरची बंदी २०१७ मध्ये केंद्राला घालावी लागली. बोट पकडली ती या रेषेच्या आत की बाहेर, यावर पुढचं सगळं फिरतं. धंदा करण्याचा हक्क कलम १९ मध्ये आहे, त्यावर वाजवी बंधनं घालता येतात हेही तिथेच. पर्ससीनवाला आणि रापणकर, दोघांच्या भांडणाचं मूळ एका पानावर सापडतं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं मत्स्य महाविद्यालय रत्नागिरीला शिरगावात आहे. तिथला पोरगा जाळ्याचा आस (भोकाचा आकार) किती असावा हे शिकतो. तो आस ठरवण्याचा अधिकार कोणाला आणि कुठून मिळाला, हे शिकला तर काय बिघडलं? मला विचाराल तर हा तास वर्गात नको, जेटीवर घ्यावा.

‘सचोटी घरात शिकवतात.’ शिकवतात. दुसऱ्याच्या कलमांवरचा आंबा काढू नये हे आईच सांगते. पण दुसऱ्याचा परिच्छेद उचलला तर त्याचं नाव कसं द्यायचं, हे कोणत्या घरात सांगतात? शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट उघडा. दहा जणांचा विषय वेगळा, प्रस्तावना एकच. एखाद्यात ‘वरील आकृतीत दाखवल्याप्रमाणे’ असं लिहिलेलं असतं आणि वर आकृतीच नसते, कारण ती मूळ साइटवरच राहून गेली. मार्गदर्शकाची सही मात्र आठवणीने घेतलेली. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याविरुद्ध नियम केले ते यासाठी. १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, पुढे पायऱ्या चढत जातात, ६० टक्क्यांच्या वर प्रबंधाची नोंदणीच रद्द. प्राध्यापक सापडला तर त्याची वेतनवाढ थांबू शकते. शिवाय याच नियमांत विद्यार्थी-शिक्षकांना हे समजावून सांगण्याची जबाबदारी संस्थेवर टाकलेली आहे. तेव्हा हे विद्यापीठाचं काम नाही, असं म्हणायची सोयच उरलेली नाही. संवैधानिक नीती, म्हणजे संविधानाची चौकट पाळून वागण्याची वृत्ती, माणसात उपजत नसते, ती जोपासावी लागते, असं आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत बजावलं होतं. घरावर सोडून देता आलं असतं तर त्यांनी सभेचा वेळ कशाला घेतला असता!

आणि सचोटी पोरांनीच पाळायची असते थोडीच. २०१७ मध्ये ऑनलाइन पेपर तपासणीच्या गोंधळात मुंबई विद्यापीठाचे निकाल रखडले, त्यात शेवटी कुलगुरूंना पद गमवावं लागलं. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली कॉलेजं याच विद्यापीठाला जोडलेली. आपली तपासलेली उत्तरपत्रिका माहिती अधिकारात बघायला मिळते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगितलंय. अर्जाचे दहा रुपये आणि तीस दिवसांची मुदत. माझ्या मते उद्देशिकेच्या फलकाशेजारी प्रत्येक कॉलेजने हा अर्जाचा नमुना लावावा. जागृती झाली की नाही ते महिनाभरात कळेल.

राजकारणाच्या भीतीबद्दल एकच दाखला देतो, कोकणचाच. संसदेला मूलभूत हक्कांना हात लावता येणार नाही, असा निकाल गोलकनाथ खटल्यात १९६७ साली लागला. संसदेचा तो अधिकार परत मिळावा म्हणून खासगी विधेयक आणलं ते राजापूरचे खासदार, वेंगुर्ल्याचे नाथ पै यांनी. ते विरोधी पक्षात, आणि फायदा तर उघडच सत्ताधाऱ्यांचा. विरोधी बाकांवरूनही त्यांना विरोध झाला. १९७१ च्या चोविसाव्या घटनादुरुस्तीने त्यांना हवं होतं ते झालं, पण तोवर नाथ पै हयात नव्हते. १९७३ मध्ये केशवानंद भारती निकालाने त्याच अधिकाराला मूलभूत चौकटीची, म्हणजे संविधानाचा गाभा मोडता येणार नाही अशी, मर्यादा घातली. नाथ पै बरोबर होते का? यावर एका वर्गात दोन बाजू पाडून तासभर भांडता येतं, आणि त्यात कुठल्या पक्षाचा झेंडा लागत नाही. खरी भीती एकाच बाजूचा वक्ता बोलावण्याची आहे. ती वाटत असेल तर दुसऱ्या बाजूचाही बोलवा म्हणून प्राचार्यांकडे जा.

नोकरीचा मुद्दा फार ताणायचा नाही. गावाकडे राहिलेला पदवीधर ग्रामपंचायतीचा सदस्य होतो, मुंबईला गेलेला सोसायटीचा सेक्रेटरी. दोघांनाही ठराव कसा मांडायचा आणि विरोधी मत कसं नोंदवायचं ते कुणीतरी शिकवायला हवं होतं.

मेसेज पुढे पाठवणाऱ्यांत मुंबई विद्यापीठाचे पदवीधर बरेच असणार. विद्यापीठाने काय करावं, कशावर पैसा घालावा, हे जिथे विचारता येतं त्या अधिसभेवर (सिनेटवर) नोंदणीकृत पदवीधरांतून १० जण निवडून जातात. पदवी मिळाली म्हणून नाव मतदार यादीत आपोआप चढत नाही, त्यासाठी अर्ज करावा लागतो. आपण केलाय का?