'मीटर बीप देतो म्हणजे अर्थ चांगला?' : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. आमच्या २३ वर्षांच्या गाडीचा सेल्फ कधी घ्यायचा आणि कधी नुसता 'टक' करायचा, ते घरी कसं शोधून काढलं यावर मी मागच्या आठवड्यात लिहिलं होतं. दोष निघाला तो अर्थच्या पट्टीत, म्हणजे इंजिन आणि बॉडी जोडणाऱ्या तारांच्या वेणीत; सेल्फचा करंट तिच्यातूनच बॅटरीकडे परततो. ती पट्टी मी बदलली आणि बॅटरीचे टर्मिनलही साफ केले. त्यावरची तुमची प्रतिक्रिया इतर वाचकांसाठी जशीच्या तशी देतो: 'काका, मीटरने बीप दिला होता ना, मग अर्थची पट्टी चांगलीच होती. पट्टी आणि टर्मिनल एकाच दिवशी केलंत, नशिबाने चाललं. हे उद्योग वायरमनला करू द्या, लोकांना जुगाड शिकवून गाड्या जाळू नका.'

आधी मान्य करायचं ते करतो. पट्टी सोडवण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची, हे मी लिहायला विसरलो होतो. गाडी जळण्याबद्दल तुम्ही बोललात म्हणून लक्षात आलं. आज सकाळी लेखात घातलं आहे.

पण 'जुगाड'? हा शब्द कुठल्या हक्काने वापरलात? माझ्या वडिलांचं पुण्यात पासोड्या विठोबाजवळ रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. अकराव्या वर्षी माझ्या हातात सोल्डरिंगची कांडी आली. पुढे २६ वर्षं भोसरीत एका कारखान्याच्या मेंटेनन्स खात्यात काढली, त्यातली निम्मी पॅनेलसमोर उभं राहून. मी बांधलेल्या पॅनेलवर मशिनं चालली आहेत. तुम्ही माझ्या वयाचा मान ठेवून 'काका' म्हणता आणि पुढच्याच वाक्यात अक्कल काढता, हे मला जमत नाही. चूक दाखवा, हजार वेळा दाखवा, पण बोलण्याची काही रीत असते.

आणि वायरमनकडे गाडी नेलीच नव्हती, हे कुणी सांगितलं तुम्हाला? दोघांकडे नेली होती. एकाने बॅटरी बदलायला लावली, दुसऱ्याने सेल्फ उघडून ब्रश बदलले. त्यांना मी नावं ठेवत नाही. त्यांच्या दारात गाडी दर वेळी पहिल्या किल्लीला सुरू व्हायची, त्यांनी तरी काय बघायचं? असा फॉल्ट गाडी ज्याच्या दारात रोज उभी असते त्यालाच सापडतो. संध्याकाळी हेडलाइट लावले की टेंपरेचरचा काटा उगाच वर सरकतो आणि बंद केले की खाली येतो, हे मी चार महिने बघत होतो. कर्वे रोडच्या सिग्नलला ते रोज दिसायचं. लाइट लावल्याने पाणी तापत नाही. इंजिन आणि बॉडी यांच्यामधला अर्थ कच्चा आहे, हे तो काटा सांगत होता.

आता तुमचा बीप. मीटर कंटिन्युइटीला, म्हणजे वायर सलग आहे का हे बीपने सांगणाऱ्या सेटिंगला, अगदी थोडा करंट सोडतो आणि बहुतेक मीटर वीस-तीस ओहमपर्यंत खुशाल वाजतात. सेल्फ छोट्या गाडीतही शंभर अँपियरच्या आसपास ओढतो. तेवढ्या करंटला ०.०२ ओहमचा अडथळा असला तरी दोन व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. ०.०२ ओहम बीपला कळणारच नाही. पट्टीची एकच तार शिल्लक असती तरी बीप वाजला असता.

म्हणून मी इग्निशन कॉइलचा सप्लाय काढला (इंजिन सुरू न होता सेल्फ नुसता फिरावा यासाठी), मीटर व्होल्टवर घेतला, एक टोक इंजिन ब्लॉकला आणि दुसरं बॉडीला धरलं. हिने किल्ली फिरवली. चार वेळा ०.३, ०.४ असंच आलं आणि सेल्फ फिरला. पाचव्या वेळी मी लाकडाच्या तुकड्याने अर्थची ती पट्टी जरा हलवली, तर ४.३ व्होल्ट आणि नुसता 'टक'. हिने क्लच केबलला हात लावला आणि झटकन मागे घेतला, इतकी ती तापली होती. पट्टीतून वाट मिळेना म्हणून करंट केबलच्या पोलादातून जात होता. गाडी जळते ती असल्या केबलमुळे, माझ्या पान्यामुळे नाही.

सोडवलेली पट्टी वरून धड दिसत होती. थिंबलपाशी, म्हणजे टोकाच्या बोल्ट लावायच्या कडीपाशी, वाकवली तर आत हिरवट भुगा, आणि बहुतेक तारा दाबल्या होत्या तिथेच तुटलेल्या. नाना पेठेतून त्याच लांबीची, जाड वेणीची पट्टी आणली, बॉडीवरचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने खरवडून धातू उघडा केला, बोल्ट आवळला, वर ग्रीस लावलं. आता सेल्फ मारताना ०.१५ व्होल्ट येतात.

टर्मिनल त्याच दिवशी साफ केले, हे खरं. पण ४.३ व्होल्ट मी मोजले ते ब्लॉक आणि बॉडीच्या मध्ये, आणि तेही काहीही साफ करण्याआधी. टर्मिनल त्या मापात येतच नाही. यावर आणखी वाद घालण्यात मला रस नाही.

जुनी पट्टी मी डब्यात ठेवली आहे. कोथरूडला रविवारी सकाळी दहानंतर मी घरीच असतो. तुमचा मीटर घेऊन या, बीप ऐका, मग तीच वाकवून बघा. चहा होईलच. तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, फक्त पुढच्या वेळी 'जुगाड' लिहिण्याआधी लेख शेवटपर्यंत वाचा. मापं त्यात होती.