पहिला तांब्या

आंघोळीत खरा प्रश्न पहिल्या तांब्याचा. दुसऱ्यापासून माणूस गायला लागतो. पुण्यात ऐन डिसेंबरात गीझर बिघडला की मी तो पहिला तांब्या हातात धरून इतका वेळ उभा राहायचो, की बाहेरून आई विचारायची, "आंघोळ चाललीय की अनुष्ठान?" बरेचदा मी सरळ आंघोळीची गोळी घ्यायचो.

बायकोच्या नोकरीपायी आम्ही मॉस्कोत आलो. तिथल्या थंडीचा कंटाळा आला म्हणून हवापालटाला सुझ्दलला गेलो, म्हणजे दुसऱ्या थंडीत. मॉस्कोहून सव्वादोनशे किलोमीटरवरचं हे जुनं गाव. जिकडे बघावं तिकडे कांद्याच्या आकाराचे घुमट. तीन दिवसांसाठी लाकडी घर घेतलेलं, आत विटांची अगडबंब चूल (तिला 'पेच' म्हणतात, आणि पेच पुढे पडायचाच होता), खिडकीखाली गोठलेली कामेन्का नदी. माझा बेत साधा होता: पेचला पाठ लावायची, चहा प्यायचा आणि उरलेला तिळगूळ संपवायचा.

संक्रांत 14 तारखेलाच होऊन गेली, असा माझा समज होता. माझ्यावर ती 18 च्या संध्याकाळी आली.

सत्तरीच्या मालकीणबाई फोनवरच्या भाषांतराच्या अ‍ॅपमधून म्हणाल्या, "आज रात्री क्रेश्चेनिये. नदीत भोक पाडले आहे. तुम्ही बुडणार?" येशूने जॉर्डन नदीत बाप्तिस्मा घेतला, त्याचा हा सण. खरं तर तो 6 जानेवारीचा, पण रशियन चर्चचं जुनं ज्युलियन पंचांग 13 दिवस मागे आहे, म्हणून आपल्या 19 तारखेला येतो. मागे पडायचंच होतं तर सहा महिने पडायचं!

"आपल्याकडे नाही का माघस्नान? तुझी आजी पहाटे नदीवर जायची की," बायको म्हणाली.

"आजी जायची, कारण घरात नळ नव्हता."

रात्री साडेअकराला आम्ही नदीवर होतो. उणे 18. बर्फात क्रूसाच्या आकाराचा खड्डा कापलेला. त्याला जॉर्डनवरूनच 'इओर्दान' म्हणतात. पाद्रीबाबांनी मंत्र म्हणत पाण्यात तीनदा क्रूस बुडवला. आपण संकटात देव पाण्यात ठेवतो, इथे भक्ताचीही सोय केलेली. लाकडी शिडी, कठड्यावर बर्फाचा काचेसारखा थर, बाजूला बचाव पथक आणि रुग्णवाहिका. ज्या आंघोळीला रुग्णवाहिका लागते, तिला न जाणं हा पळपुटेपणा कसा, हे मला अजून कळलेलं नाही.

रांगेत माझ्यापुढे एक आजीबाई होत्या. पायघोळ सुती झगा, डोक्याला रुमाल. झपझप शिडी उतरल्या, दर वेळी छातीवर क्रूसाची खूण करत तीन बुड्या मारल्या आणि मंडईतून मेथी घेऊन यावं तशा वर आल्या. मग बायको गेली. तीही आली. मागे आता फक्त मॉस्कोचा रस्ता होता, आणि त्यावर बायको उभी होती.

सवयीने आधी अंगठा बुडवून पाहिला. वर्षानुवर्षांची चाल, बालदीत चालते, नदीत नाही. इथे पहिला तांब्या असा नसतोच, सगळी नदी एकदम अंगावर. "हर हर गंगे" म्हणायला तोंड उघडलं, पण श्वास अडकला आणि नुसता "हर्रर्र" असा आवाज निघाला. बचाव पथकातला जवान तो मंत्र समजून "मलादेत्स!" म्हणाला. म्हणजे शाबास. शाबासकी मिळाल्यावर एका बुडीत बाहेर कसं यायचं? दुसरी मारली. तिसरी मारल्याचं बायको सांगते.

बाहेर आलो तर चक्क ऊब! अंग मिरची लावल्यासारखं चुरचुरत होतं. कठड्यावरचा ओला टॉवेल पापडासारखा ताठ झाला होता. डावी चप्पल बर्फाला अशी चिकटली होती की तिला तिथेच सोडली. वसंतात बर्फ वितळल्यावर कामेन्केतून ती कुठे गेली असेल, ते त्या जॉर्डनलाच ठाऊक. पुढे बान्यात, म्हणजे तिथल्या वाफेच्या न्हाणीघरात, बर्चच्या डहाळ्यांनी मला बडवण्यात आलं, पण आता मार खाण्याचं काही वाटत नव्हतं.

घरी मालकीणबाई नदीवरून आणलेलं पाच लिटरचं कॅन रिकामं करून बाटल्या भरत होत्या. एक बाटली कोपऱ्यातल्या देवाच्या तसबिरीमागे गेली. आमच्या देवघरात गंगेचा गडू असतो, अगदी तसंच. वर्षभर ठेवायचं, अडीअडचणीला घोटभर घ्यायचं.

"तुम्ही कधी उतरलात?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग अ‍ॅपकडे, त्याने काही चुकीचं ऐकलंय का म्हणून. "मी? या वयात? चर्च सांगते, बुडणे सक्तीचे नाही. पाण्यात बुडून पाप धुतले जात नाही. प्रार्थना करावी, हे पाणी प्यावे. पुरते."

हे वाक्य त्यांना संध्याकाळी सुचलं नव्हतं.

त्यांनी पेलाभर पाणी माझ्या हातात दिलं. पेल्याला बाहेरून दव सुटलं होतं. मी तो बराच वेळ नुसता धरून उभा राहिलो. मग बायकोची नजर चुकवून हळूच अ‍ॅपमध्ये टाइप केलं, "जरा कोमट करून मिळेल का?"