तुरुंगाचं वसतिगृह होत नाही, मान्य, पण ताई थोडं ऐकून घ्या

ताई, राम राम. तुमची कमेंट दोनदा वाचली, एकदा दुकानात गिऱ्हाईक उभं असताना आणि एकदा रात्री जेवण झाल्यावर. रात्री राग जरा कमी आला. उत्तर लांबलं म्हणून वेगळं टाकतोय. बाकीच्यांसाठी सांगतो, झूमधल्या प्राण्यांची निगा, वेल्फेअर आणि कन्झर्व्हेशन यावर मी ऑनलाइन कोर्स केला, त्या पोस्टवर शहाद्याच्या या ताईंनी लिहिलंय, "कोर्स केल्याने तुरुंगाचं वसतिगृह होत नाही. पिंजऱ्याला सायन्सचं नाव देऊन तुम्ही वकिली करताय. आणि झू प्राणी वाचवतात म्हणता, तर आमच्याकडचा रानपिंगळा कोणत्या झूने वाचवला ते सांगा."

शेवटून सुरू करतो, कारण तिथे तुम्ही मला बरोबर धरलंय. कोणत्याच नाही. ब्रिटिश पक्षीतज्ज्ञ ह्यूमने १८७३ मध्ये नोंदवलेला हा पक्षी, म्हणजे एक छोटं घुबड, १८८४ नंतर कोणाच्या हाती लागला नाही, मधे मायनर्ट्झहॅगन नावाच्या साहेबाने १९१४ चा म्हणून एक नमुना दाखवला तो म्युझियममधून चोरलेला निघाला, आणि मग १९९७ च्या नोव्हेंबरात अमेरिकेची पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि तिचे दोन सोबती तुमच्या शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याला आले तर हा पठ्ठ्या तिथे दिवसाढवळ्या फांदीवर बसलेला. ११३ वर्षं पुस्तकात संपलेला! त्याला पिंजरा नको होता, ढोलीची जुनी झाडं हवी होती, आणि ती झाडं तुटली तर जगातला कितीही भारी झू काय करणार. माझ्या पोस्टमधलं "झू नसते तर हे प्राणी संपलेच असते" हे सरसकट वाक्य चूकच होतं.

पण सगळ्यांचं नशीब रानपिंगळ्यासारखं नसतं ना. अरबी ओरिक्स घ्या, वाळवंटातलं ते लांब शिंगांचं पांढरं हरीण. जंगलातले शेवटचे १९७२ मध्ये ओमानात मारले गेले, पण त्याच्या दहा वर्षं आधीच काहींना पकडून अमेरिकेत फिनिक्सच्या झूमध्ये नेलं होतं, इकडून तिकडून जमवून नऊ जनावरांचा कळप झाला आणि १९८२ मध्ये त्याच वंशातली परत ओमानात सोडली. इथपर्यंत झूवाले छाती फुगवून सांगतात, पुढचं हळू आवाजात. १९९६ पर्यंत ४५० च्या आसपास झालेले ओरिक्स चोरट्या शिकारीने ६५ वर आले, सरकारने अभयारण्याचा बहुतेक भाग काढून टाकला आणि २००७ मध्ये युनेस्कोने ती जागा वारसा यादीतूनच वगळली. म्हणजे झूने बी राखलं, पण शेत कोणी राखायचं? कापसाचं बियाणं घरात जपून ठेवलं आणि रान दुसऱ्याला विकून टाकलं तसं झालं ते.

आता एक माझ्यावरच येतं. माझं चोपड्यात जनावरांच्या औषधांचं दुकान आहे हे जुन्या वाचकांना माहीत आहे. गिधाडं कशाने गेली? डायक्लोफेनॅकने, म्हणजे ढोरांना देतात त्या दुखणं थांबवायच्या औषधाने. ते टोचलेलं ढोर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांच्या किडन्या बंद. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची तर १०० मधली ९९ गेली. जनावरांसाठी त्यावर २००६ मध्ये बंदी आली, त्याच्या आधी मीसुद्धा ते विकलंय, लपवत नाही. नंतरही माणसांच्या मोठ्या बाटल्या ढोरांसाठी नेणारे होतेच, म्हणून २०१५ मध्ये ती बाटली ३ मिलीची करावी लागली. हरियाणात पिंजोरला गिधाडांचं प्रजनन केंद्र आहे, तिथली पिल्लं बाहेर सोडायची म्हटलं तर आधी माझ्यासारख्याच्या काउंटरवरून त्याच्याऐवजी गिधाडांना न बाधणारं मेलॉक्झिकॅमच गेलं पाहिजे. पिंजऱ्यातलं काम आणि दुकानातलं काम एकाच गाडीला जुंपलेलं आहे, हे मला कोर्समध्येच कळलं, वीस वर्षं धंदा करून कळलं नव्हतं.

आता तुरुंगाचं. तुम्ही शहाद्याच्या, म्हणजे सारंगखेड्याची यात्रा तुम्हाला मी काय सांगणार. तिथे एकदा एक देखणं घोडं बघितलं, एका जागी उभं राहून मान आणि पुढचे पाय डावीकडे उजवीकडे, डावीकडे उजवीकडे, घड्याळासारखं. व्यापारी म्हणे खोड आहे त्याला, किंमत कमी करू. आता मला विचाराल तर खोड घोड्याची नाही, ज्या तबेल्यात ते एकटं दिवसच्या दिवस बांधून ठेवलं त्या तबेल्याची. झूमधलं अस्वल झुलतं, वाघ जाळीच्या कडेने तोच रस्ता तुडवत राहतो, ते हेच. याला स्टिरिओटाइपी म्हणतात. शाळेच्या सहलीत एका झूमध्ये (नाव नको) असंच अस्वल झुलत होतं आणि आम्ही सगळी पोरं नाचतंय म्हणून टाळ्या वाजवत होतो, मीपण. ते आठवलं की अजून कसंतरी होतं.

आणि तुमच्या बाजूचा पुरावा मीच देतो. २००३ मध्ये क्लब आणि मेसन या दोघी संशोधकांनी दाखवलं की रानात ज्या शिकारी प्राण्याचा वावर जितका लांबवर, तितका तो पिंजऱ्यात जास्त येरझाऱ्या घालतो आणि त्याची पिल्लंही जास्त मरतात. ध्रुवीय अस्वलाला झूमध्ये मिळणारी जागा त्याच्या वावराच्या दहा लाखाव्या भागाएवढी! असे प्राणी झूमध्ये ठेवूच नयेत असं मला वाटतं. हत्तींचंही तेच, आपल्या सेंट्रल झू अथॉरिटीने २००९ मध्ये झूमधले हत्ती हलवायला सांगितलं ते उगीच नाही.

पण जे आज आत आहेत आणि बाहेर सोडले तर आठवडाभरही जगणार नाहीत, त्यांचं काय करायचं ताई? "तुरुंग तुरुंग" म्हटल्याने त्यांचा दिवस काही सरत नाही. माझी आजी गोठ्यात म्हणायची, "दावं नको देखू, ढोर काय करस ते देख." कोर्सचे निम्मे धडे याच्यातच आले. खाणं एका ताटलीत न देता लपवून, विखरून द्यायचं म्हणजे शोधण्यात दोन तास जातात, अस्वलाला ओंडक्याच्या भोकात मध, उन्हाळ्यात बर्फात गोठवलेली फळं. गर्दीकडे पाठ करून लपायला जागा द्यायची, मग पब्लिक "पैसे दिले आणि वाघ दिसला नाही" म्हणून बोंबललं तरी चालेल. वाघाला आठवड्यातून एक दिवस उपास असतो त्यावरही लोक भांडतात, रानात त्याला रोज ताट वाढलेलं असतं का? शिकवलं तर वाघ स्वतःहून जाळीजवळ शेपटी देतो आणि बेशुद्ध न करता रक्त काढता येतं. ही वकिली नाही हो, मजुरी आहे, आणि ती करणारा किपर पगाराच्या तक्त्यात सगळ्यात खाली.

आणखी एक, ऊस तोडताना किंवा केळीत बिबट्याचे बछडे सापडले की गावात पहिली हाक काय येते, "झूत पाठवा." त्यांना हात न लावता तिथेच ठेवून लोक लांब झाले तर बऱ्याचदा मादी रात्री घेऊन जाते. मागच्या वर्षी आमच्याकडे एकाने सेल्फी काढत बसून तीन तास घालवले, मी ओरडलो तर मलाच म्हणे तू झूवाला ना, मग घेऊन जा. कोर्सनंतर निदान एवढं कळतं की कोणतं जनावर आत आणायचंच नाही.

तर पोस्टमधलं ते वाक्य काढलंय आणि तिथे तुमच्या कमेंटचा उल्लेख टाकलाय. "वकिली" शब्द मात्र मागे घ्या, फी कोणी दिलेली नाही. दत्त जयंतीला सारंगखेड्याला येणारच आहे, तिकडून पुढे रानपिंगळा बघायला जायचं मनात आहे, तुम्हाला जागा माहीत असेल तर इथे उघड लिहू नका, मेल करा. तो दिवसाच फिरतो म्हणजे रात्र जागवायची गरज नाही, सकाळी शहाद्याहून पहिली गाडी कितीला आहे तेवढं सांगा.