लेसर म्हणजे महागडी भट्टी नव्हे

नमस्कार. सडेतोड लिहिलंत, आवडलं. फोनच्या फिल्टरमधली पातळ फिल्म लेसरनं तापवण्याबद्दल मी लिहिलं होतं, त्यावर तुमचे आक्षेप दोन. फिल्म तापवायचीच तर भट्टी काय वाईट, लेसरचा थाट कशाला? आणि फोनमधल्या एवढ्याशा फिल्टरचं इतकं कौतुक का?

दुसरा आधी उरकतो. लोकलमध्ये हॉटस्पॉट लावून लॅपटॉप जोडता तेव्हा फोन ४जीच्या २३०० ते २४०० मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात ऐकत असू शकतो, आणि त्याच फोनचं वाय-फाय २४०० च्या लगेच पुढे बोलत असतं. एकाचा आवाज दुसऱ्याच्या कानात जाऊ न देणं हे फिल्टरचं काम. त्यातली ॲल्युमिनियम नायट्राइडची फिल्म, म्हणजे वीज दिली की थरथरणारा थर, जेमतेम मायक्रॉनभर (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतकी) जाड असते. वर-खालच्या धातूच्या इलेक्ट्रोडसकट जाडीत १ टक्का फरक पडला, तरी थरथरण्याची फ्रिक्वेन्सी वीसेक मेगाहर्ट्‌झ सरकते.

आता भट्टी. भट्टीत अख्खा वेफर, म्हणजे ज्यावर हे सगळं बनतं ती सिलिकॉनची चकती, तापतो. खाली सर्किट आधीच तयार असेल, तर त्यातल्या धातूच्या जोडण्या साधारण ४५० अंशांपुढे धोक्यात येतात. पीझेडटी या दुसऱ्या एका फिल्मला (शिसं, झिर्कोनियम आणि टायटॅनियमचं ऑक्साइड) स्फटिक व्हायला ६०० अंशांच्या वर लागतात, म्हणजे तिथेच गाडं अडतं. (फोनच्या फिल्टरला पीझेडटी चालत नाही म्हणा, गिगाहर्ट्‌झला ती फार ऊर्जा खाते.) शिवाय निवताना सिलिकॉन, खालच्या इलेक्ट्रोडचं मॉलिब्डेनम आणि फिल्म कमी-जास्त आकसतात आणि ताण मागे राहतो. एक्सायमर लेसरचा (अतिनील प्रकाश देणाऱ्या वायूच्या लेसरचा) एक पल्स वीस-तीस नॅनोसेकंदांचा, म्हणजे सेकंदाच्या काही अब्जांश भागांचा. तेवढ्यात उष्णता सिलिकॉनमध्ये मायक्रॉन-दोन मायक्रॉनच उतरते. वरचा थर भाजून निघतो, खालच्या सर्किटला पत्ताही लागत नाही. शिवाय हवी तेवढीच जागा तापवता येते, आणि भट्टीला हे कधीच जमणार नाही.

खरं तर याहून अडचणीचा प्रश्न तुम्ही विचारलाच नाहीत, तो मीच विचारतो. २४८ नॅनोमीटरच्या लेसरचा फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, ५ इलेक्ट्रॉनव्होल्टचा, आणि शुद्ध ॲल्युमिनियम नायट्राइडचा बँडगॅप (प्रकाश शोषायला लागणारी किमान ऊर्जा) सुमारे ६. म्हणजे प्रकाश बराचसा फिल्ममधून आरपार जातो, खालच्या मॉलिब्डेनममध्ये शोषला जातो आणि फिल्म खालून तापते! २००९ मध्ये जपानी संशोधकांनी ॲल्युमिनियम नायट्राइडमध्ये स्कँडियम हा धातू मिसळून पीझो परिणाम (दाबलं की वीज, वीज दिली की हालचाल) कित्येक पटींनी वाढवून दाखवला. त्या मिश्रणात बँडगॅप उतरतो आणि हाच प्रकाश फिल्ममध्येच अडू लागतो. त्यामुळे कोणता लेसर, हे फिल्म बघूनच ठरवावं लागतं.

एवढं करूनही, फिल्ममधल्या स्फटिककणांचे खांब सरळ उभे राहणार की तिरके, हे स्पटरिंगच्या, म्हणजे वेफरवर फिल्म चढवण्याच्या, वेळीच ठरतं. ते बिघडलं असेल तर लेसर काही करू शकत नाही. आणि फ्रिक्वेन्सी शेवटी नेमकी जुळवायला कारखान्यात सहसा आयन बीमनं (विद्युतभारित कणांच्या झोतानं) थर खरवडतात. तेवढ्यापुरती तुमची शंका रास्त आहे.