फर्बर यांना कुणी हाकललं नव्हतं, भावजी!

भाचीला एम.टेक. करून पुढे पीएच.डी. करायची आहे. परवा भावजींनी घरच्या ग्रुपवर ब्रिटिश संगणक अभियंते स्टीव्ह फर्बर यांच्यावरचा एक फॉरवर्ड टाकला आणि खाली तिला उद्देशून लिहिलं, 'एवढा हुशार माणूस, शेवटी मास्तरकीच नशिबी!' फॉरवर्ड म्हणतो: मोबाइलमधली एआरएम चिप फर्बर यांनी एकट्याने बनवली, ती विजेशिवाय चालायची, एआरएम कंपनीने त्यांना हाकललं म्हणून ते शिकवायला लागले, आणि तिथे त्यांनी मानवी मेंदू तयार केला.

'एकट्याने' हे साफ खोटं. चिपला कोणत्या आज्ञा कळाव्यात हे सोफी विल्सन यांनी ठरवलं, आतली रचना फर्बर यांची. दोघंही केंब्रिजच्या एकॉर्न या संगणक बनवणाऱ्या कंपनीत.

विजेचं मात्र अर्धं खरं आहे, काय करणार! एप्रिल १९८५ मध्ये पहिली चिप आली. किती करंट खाते ते बघायला मीटर लावला, तर मीटर शून्यावर आणि चिप चालू. बोर्डावर तिचा पॉवर सप्लाय जोडलेलाच नव्हता. बाकीच्या पिनांतून झिरपणाऱ्या करंटवर ती चालली होती. म्हणजे वीज लागत होतीच, फक्त अगदी थोडी.

आता हाकलण्याचं. भावजी, तारखा बघा. फर्बर मँचेस्टर विद्यापीठात प्राध्यापक झाले ऑगस्ट १९९० मध्ये. एआरएम कंपनी निघाली त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये. जी कंपनी निघालीच नव्हती, ती हाकलणार कुणाला? 'कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम' या संगणकशास्त्राच्या मासिकातल्या २०११ च्या मुलाखतीत त्यांनी स्वतः सांगितलंय की, एआरएमची वेगळी कंपनी काढायचा हिशेब त्यांनी मांडून पाहिला होता, पण आकडे जुळेनात. दर चिपमागे मिळणाऱ्या रॉयल्टीवर भागवायचं तर चिपा लाखांनी विकायला हव्या होत्या. तो हिशेब पुढे दुसऱ्यांनी जुळवला.

आणि 'मास्तरकी' म्हणजे काय केलं? नेहमीच्या प्रोसेसरमध्ये सगळे भाग एकाच क्लॉकच्या ठोक्यावर चालतात. मँचेस्टरला त्यांच्या गटाने तो ठोकाच काढून टाकलेले एआरएम प्रोसेसर बनवून दाखवले, नाव अम्युलेट. एका भागाचं काम झालं की तो पुढच्याला कळवतो, बस. विकायचा माल वेळेत काढणाऱ्या कंपनीत असले प्रयोग कोण करू देणार? इंजिनिअरिंगमधलं २०२२ चं ड्रेपर पारितोषिक चौघांना मिळालं: फर्बर, विल्सन आणि अमेरिकेतले प्राध्यापक हेनेसी व पॅटरसन. चारपैकी तिघे प्राध्यापक.

राहिला मेंदू. मेंदूच्या कामाची नक्कल करायला बनवलेल्या स्पिनेकर या त्यांच्या मशीनमध्ये २०१८ साली दहा लाख कोअर, म्हणजे छोटे प्रोसेसर, झाले, तेही एआरएमचेच. तेवढ्यावर मानवी मेंदूच्या जेमतेम एक टक्क्याचं सोपं केलेलं मॉडेल चालेल, असा अंदाज खुद्द फर्बर यांचाच आहे.