“हिटलरच हवा” म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

सातारा-सांगलीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरत असतो: हिटलरने चार-पाच वर्षांत बेकारी संपवली, तो भारताचा मित्र होता, शिवाय आपणही आर्यच, तेव्हा देशाला असाच माणूस हवा.

आधी बेकारी. 1933 च्या सुरुवातीला जर्मनीत सुमारे 60 लाख बेकार होते आणि पुढच्या पाच-सहा वर्षांत त्यातले बहुतेक यादीतून गेले, हे खरं. कसे गेले, ते मेसेजमध्ये नसतं. ज्यूंना सरकारी नोकरीतून काढलं. बायको नोकरी सोडणार असेल तरच नव्या जोडप्याला कर्ज मिळे. 1935 पासून लष्करभरती सक्तीची झाली. बरंचसं काम शस्त्रांच्या कारखान्यांत निघालं आणि त्याचे पैसे भागवायला ‘मेफो’ नावाची कंपनी उभी केली: भांडवल 10 लाख मार्क, तिच्या नावावर फिरलेल्या हुंड्या जवळजवळ 1,200 कोटी मार्कांच्या. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा व्यवहार करणाऱ्याला यातली गोम लगेच कळेल. 1938 मध्ये या हुंड्यांची मुदत भरू लागली. त्याच वर्षी ऑस्ट्रिया गिळला आणि तिथलं सोनं बर्लिनला नेलं.

भारताचा मित्र? भारत इंग्रजांकडेच राहिलेला बरा, असं त्याने आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. सुभाषबाबूंनी मे 1942 च्या भेटीत त्या मजकुराचा विषय काढला, तर त्याने तो टाळला.

“आपणही आर्य” हे तर काळीज पिळवटणारं आहे. युरोपातल्या रोमा लोकांचे पूर्वज भारतातून गेलेले. आजही त्यांच्या भाषेत नाकाला नाख, कानाला कान आणि पाण्याला पाणीच म्हणतात. नाझींनी आणि त्यांच्या साथीदारांनी त्यातले किमान 2 लाख मारले.

आता, हे सगळं असूनही पोरं हा मेसेज पुढे का ढकलतात? हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञाने 1970 च्या सुमारास ब्रिस्टलच्या शाळकरी मुलांचे अगदी क्षुल्लक कारणावरून गट पाडले. पैसे वाटताना मुलांनी आपल्या गटाला थोडं कमी मिळालं तरी चालेल, पण समोरच्यापेक्षा जास्त हवं, असंच पाहिलं. जत-माणच्या दुष्काळी गावातून येऊन पाच वर्षं अभ्यासिकेत काढलेल्या मुलाला पद मिळत नाही. मेसेज त्याला एकदम दोन गोष्टी देतो: दोषी कोण ते, आणि ‘आपली माणसं’. नुसते आकडे तोंडावर फेकून दुसरी गोष्ट भरून निघत नाही.

म्हणून ग्रुपवर भांडू नका. चारचौघांत कुणी माघार घेत नाही. फोन करा, त्याचं ऐकून घ्या, मग एकच मुद्दा मांडा. खोडण्यासाठी मूळ मेसेज पुन्हा टाकू नका: तीच गोष्ट वारंवार दिसली की खरी वाटू लागते.

माणसांना किडे, घाण म्हणणं सुरू झालं, की प्रकरण मतभेदाच्या पलीकडे गेलेलं असतं. रवांडात 1994 मध्ये रेडिओवरून तिथल्या तुत्सी समाजाच्या लोकांना ‘झुरळं’ म्हणत होते. साधारण 100 दिवसांत काही लाख माणसं मारली गेली. आपल्याकडे सप्टेंबर 2023 मध्ये खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत समाजमाध्यमांवरच्या पोस्टवरून हिंसाचार झाला, त्यात एका तरुणाचा जीव गेला. मेसेजमध्ये कुणाचं नाव, पत्ता किंवा जमायची वेळ असेल, तर वाद घालत बसू नका. नंबर आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट ठेवा, ॲडमिनला पोस्ट काढायला लावा आणि 112 ला फोन करा.