मुदत संपलेला गोंयकार

2004 च्या सप्टेंबरात, वयाच्या एकविसाव्या वर्षी वाहन चालविण्याचा परवाना हाती आला, तेव्हा त्यावरची वीस वर्षांची मुदत वाचून हे कार्ड बहुधा आपल्यालाही पुरून उरणार अशी माझी खात्री झाली होती. पुढे पोटापाण्यासाठी इंग्लंडात स्विंडनला गेलो. भारतीय परवान्यावर तिथे पहिले 12 महिनेच गाडी चालवता येते आणि आपला परवाना देऊन तिथला घेण्याची सवलत भारतीयांना नाही, म्हणून लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा नव्याने द्याव्या लागतात. एका मोठ्या चक्राभोवती पाच छोटी चक्रे असलेल्या, 1972 पासून लोकांना गरगरवणाऱ्या तिथल्या चौकातून सहीसलामत बाहेर पडायला शिकलो, आणि त्या आनंदात गोव्याचा परवाना पाकिटाच्या तळाशी विसरलो.

गेल्या वर्षी, म्हणजे 2025 मध्ये, चवथीसाठी, म्हणजे गणेश चतुर्थीसाठी, घरी येऊन बाबांच्या स्कूटरला किल्ली लावली तेव्हा कळले की परवान्याची मुदत 9 सप्टेंबर 2024 रोजीच संपली आहे. मुदत संपल्यापासून वर्षाच्या आत अर्ज केला तर नूतनीकरण होते. वर्ष उलटले की पुन्हा परीक्षा. हाती पंधरा दिवस होते. चाळिशी ओलांडलेली असल्याने नमुना 1-अ, म्हणजे डॉक्टरांचा तंदुरुस्तीचा दाखला, लागतो, तो आमच्या डॉक्टरांनी माझ्या पोटाकडे सूचक नजर टाकून दिला. खरी अडचण ओटीपीची होती, कारण तो जात होता माझ्या जुन्या नंबरवर, आणि तो नंबर मी न वापरल्यामुळे केव्हाच दुसऱ्या कोणाला तरी मिळाला होता.

स्वतःच्याच नंबरवर फोन करून "मी कोण बोलतो" हे समजावणे किती अवघड असते, ते अनुभवल्याशिवाय कळत नाही. पलीकडे म्हापशाच्या बाजारात नुस्ते, म्हणजे मासे, विकणारी एक बाई होती. "ओटीपी कोणाकूच दिवपाचो न्हय, बाब," तिने ठणकावले. नातवाने बजावून ठेवले होते म्हणे, आणि त्या नातवाचे मला कौतुकच वाटले, पण ते दुसऱ्या कोणत्याही दिवशी वाटले असते तर बरे झाले असते.

शेवटी परवाना घेऊन मी तिच्या पाटीसमोर उभा राहिलो. तिने ओले हात पदराला पुसले, कार्ड डोळ्यांजवळ धरले, त्यातल्या घनदाट केसांकडे आणि मग माझ्या टकलाकडे पाहिले. "हो तूं न्हय. हो तुजो पूत आसतलो."

आईचे नाव, गाव, वाडा सांगून झाल्यावर तिची समजूत पटली, तोवर ओटीपीची मुदत संपली होती. दुसरा मागवला, तो तिने एकेक आकडा सावकाश वाचून दाखवला आणि मोबदला म्हणून किलोभर बांगडे विकत घ्यायला लावून माझ्या पिशवीत घातले. अर्ज भरला गेला, परवाना आणखी दहा वर्षांसाठी पक्का झाला.

घरी माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळापानांची आरास, बांधायचे काम चालू होते. आईने पिशवीचा वास घेतला आणि परवान्यासकट मला दारातच थांबवले.